सतरावा फर्मा

पडदा वर जातो तेव्हा समोर एकच खिडकी दिसते, आणि तिच्यातून आलेला उजेड एका लांब टेबलावर पडलेला असतो. टेबलावर खळीचं भांडं, दोन ब्रश, दाभण, मेणाचा तुकडा, दोऱ्याची रिळं आणि कागदाच्या घड्या दाबायची हाडाची पट्टी. डाव्या बाजूला लोखंडी दाबयंत्र, त्याचं चाक दोन्ही हातांनी फिरवावं लागतं. उजव्या बाजूला पुठ्ठ्यांची चळत. आणि बरोबर मध्यभागी, जिथे नायकानं उभं राहायचं तिथे, पाठीला बाक आलेला सत्तरीचा एक माणूस बसलेला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, सुई ओठात. बोलायचं झालं की सुई काढायची, बोलून झालं की परत ओठात ठेवायची. एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून ते कमी बोलत. लोक त्यांना टाकेमामा म्हणत.

टाकेमामा पुस्तकं बांधत. चौकापलीकडच्या ग्रंथालयाची बांधणी चाळीस वर्षं त्यांच्याकडे होती. ग्रंथालय पुस्तकं तयार घेत नसे, छापखान्यातून सुट्या फर्म्यांत घेई. मामांच्या हातची बांधणी दुप्पट टिकते, हा तिथला जुना अनुभव. फर्मा म्हणजे काय, तर एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापायची आणि तो कागद तीनदा दुमडायचा. असे फर्मे एकावर एक रचून पाठीतून शिवायचे, आणि मग तीन बाजूंनी कडा कापायच्या. कडा कापल्या की पानं मोकळी होतात. तोवर ती मिटलेलीच असतात.

मामा बांधायला आलेलं पुस्तक कधीच वाचत नसत. शिवणाऱ्यानं वाचायला घेतलं की मोजायचं राहतं, असं त्यांचं म्हणणं. मोजणं हा मात्र त्यांचा श्वास होता. शिवण्याआधी फर्मे मोजायचे, वहीत आकडा टाकायचा, मगच सुईला दोरा. मामी म्हणायच्या, यांना जिन्याच्या पायऱ्या मोजल्याशिवाय घरात येता येत नाही, एखादी कमी भरली तर बाहेरच उभे राहतील. मामांना त्याचं काही वाटत नसे. त्यांच्याकडे मिरवायला एकच गोष्ट होती आणि ती ते वर्षातून एखाद्या वेळी सुई बाजूला ठेवून सांगत, की आपल्या हातून आजवर पान गेलेलं नाही.

आता हात थरथरायला लागले होते. महिनाअखेरीला कारखाना बंद करायचा, असं ठरलं होतं. खोली सोडायची, दाबयंत्र छापखान्याला देऊन टाकायचं. पंधरा दिवस राहिले असताना ग्रंथालयातून शेवटच्या कामाची पिशवी आली. त्यात एक कादंबरी होती, 'तेरा चौक्या'. मोडलेली नव्हती, फाटलेली नव्हती. तिचा फक्त अभिप्रायाचा कागद भरला होता.

ही त्या ग्रंथालयाची जुनी रीत. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक रेघांचा कागद चिकटवलेला असायचा. वाचून झालं की दोन ओळी त्यावर लिहायच्या. खाली नाव घालायचं नाही, धंदा घालायचा. नाव दिसलं की लोक मत सोडून माणसाशी भांडतात, हा ग्रंथपाल बाईंचा अनुभव. एरवी एक कागद दहा वर्षं पुरे. या पुस्तकाचा दोन वर्षांत हा तिसरा कागद भरला होता.

गोष्ट एका मारेकऱ्याची होती. राष्ट्राध्यक्षावर गोळी झाडून तो पळतो आणि सगळं सरकार त्याच्या मागे लागतं. एकेक चौकी चुकवत तो सरहद्दीकडे जायचं सोडून उलटा येतो, वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या आपल्याच घरापाशी. दार वाजवतो. आतून पावलं येतात. कडी निघते. आणि पुस्तक संपतं.

मामांना यातलं काही ठाऊक नव्हतं. नवा कागद चिकटवण्याआधी जुन्याची कड उचललेली नाही ना, हे बघायला त्यांनी चष्मा वर घेतला आणि नजर अक्षरांवर गेली. गेली ती गेलीच.

कंपाउंडरनं लिहिलं होतं, "राष्ट्राध्यक्ष मेला की वाचला याच्याशी मला देणंघेणं नाही. पण मारेकऱ्याच्या दंडाला सात टाके पडतात आणि तिसऱ्या दिवशी तो नदी पोहून जातो. मी रोज जखमा बांधतो. असं होत नाही." त्याखाली गवंडी, "तुमच्या दवाखान्यात होत नसेल." पोस्टमननं लिहिलं होतं, "असा राष्ट्राध्यक्ष आपल्याकडे असता तर मारेकऱ्याला पळायला मी माझी सायकल दिली असती." खाली कुणीतरी, धंदा न लिहिता, "म्हणजे आमची पत्रं आणखी उशिरा." मग शिंप्याचं बारीक, सरळ अक्षर: "चौथ्या प्रकरणात राखाडी कोट नदीत फेकला, एकोणिसाव्यात त्याच कोटाच्या आतल्या खिशातून चिठ्ठी काढली. लेखकानं आयुष्यात कोट शिवलेला नाही. शिवाय चौक्या मी मोजल्या, बाराच आहेत. तेरावी कुठे गेली? शेवटी 'समाप्त' पण छापलेलं नाही."

त्याला लाल शाईत उत्तर होतं. ते निवृत्त मास्तरांचं, ज्यांना सगळे पाठीमागे प्रस्तावना म्हणत, कारण त्यांच्या कुठल्याही बोलण्याला प्रस्तावनेपलीकडे पोचायला वेळ मिळत नसे. "तेरावी चौकी म्हणजे ते दार. सामान्य लेखकानं समाप्त लिहिलं असतं. या लेखकानं वाचकावर विश्वास टाकला." त्याखाली पुन्हा शिंपी: "मी कोटाची एक बाही गिऱ्हाइकाच्या विश्वासावर सोडत नाही."

मामांनी सुई ओठातून काढली. समाप्त नाही आणि चौकी एक कमी. मोजणाऱ्या माणसाला एवढं पुरे झालं. त्यांनी शेवटचं पान उघडलं. दोनशे छप्पन. फर्मे सोळा. मग कपाटातून दोन वर्षांपूर्वीची वही काढली आणि बोट फिरवत त्या दिवसापर्यंत आले. तिथे त्यांच्याच हातचं होतं, 'तेरा चौक्या, फर्मे सतरा'.

ते उठून खोली उपसायला लागले. पुठ्ठ्यांच्या चळतीखाली, कोपऱ्यात, वजनाला ठेवायची एक सपाट दगडी लादी होती. लादीखाली दोन फळ्या होत्या. आणि फळ्यांमध्ये, इस्त्री केल्यासारखा, सतरावा फर्मा.

तो हातात आल्याबरोबर सगळा दिवस डोळ्यांपुढे आला. छापखान्याच्या गठ्ठ्याची दोरी करकचून बांधलेली होती आणि तिनं शेवटच्या फर्म्याच्या पाठीला काप पडला होता. मोजून झालं होतं, आकडा वहीत पडला होता. मामांनी तेवढा एक फर्मा बाजूला घेतला, कापावर पातळ कागदाची पट्टी खळीनं बसवली आणि वाळायला लादीखाली ठेवला. तेवढ्यात थोरला भाऊ गेल्याचा निरोप आला. चौथ्या दिवशी ते परतले तेव्हा टेबलावर फर्म्यांची चळत तयार होती. मोजलेलं परत मोजायचं नाही, हाही त्यांचाच नियम. त्यांनी शिवलं, कडा कापल्या, पुठ्ठा चढवला आणि पुस्तक पाठवून दिलं.

फर्म्याच्या पहिल्या पानावर, म्हणजे दोनशे सत्तावन्नावर, नुसता 'उपसंहार' एवढा शब्द होता. शेवटच्या पानावर 'समाप्त' आणि छापखान्याचं नाव. मधली चौदा पानं घडीत मिटलेली, कुणी न कापलेली. मामांनी ती कापली नाहीत, डोकावूनही बघितलं नाही. फर्मा बगलेत मारला आणि तडक ग्रंथालय गाठलं.

ग्रंथपाल बाई पन्नाशीच्या, टेबलावर कायम शिक्क्याची पेटी आणि पाण्याची बाटली. मामांनी सगळं सांगितलं, अगदी भावापर्यंत. चूक आपली आहे, परवापर्यंत पुस्तक उसवून नीट करून देतो, फक्त बाईंची परवानगी हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. बाईंनी फर्मा हातात घेतला, घडीचं तोंड बोटानं किंचित फाकवलं आणि उजेडाकडे धरून आतल्या चार ओळी वाचल्या. मग तो हळूच मिटून मामांना परत दिला.

"मामा, यात मारेकऱ्याच्या मागावरचा फौजदार खुर्चीत बसलाय आणि म्हणतोय, 'आता तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगतो.'"

"मग सांगू दे की. त्याचं काम आहे ते."

"चौदा पानं सांगतोय तो. मी वाचनालय चालवते, मामा. दोन वर्षांत या एका पुस्तकासाठी जेवढे लोक आत आले तेवढे दहा वर्षांत आले नाहीत. त्यांना त्या दारात उभं राहायला आवडतं. तुम्ही त्यांच्यापुढे फौजदार आणून बसवणार?"

मामांनी विचारलं की पुस्तक लेखकाचं की वाचनालयाचं. बाई म्हणाल्या की लेखकाला विचारलं असतं, पण तो वारला. छापखान्यात प्रती उरलेल्या नाहीत. जगात कुठे पूर्ण प्रत असली तर असेल, इथे हीच आहे. आणि रविवारी या पुस्तकावर वाचकांची बैठक ठेवली आहे, फळ्यावर विषयही लिहून झालाय. मामांनी वळून फळ्याकडे बघितलं. 'तेरावी चौकी कुठे आहे?' असं खडूनं ठळक लिहिलं होतं. तेरावी चौकी मामांच्या बगलेत होती.

जाताना दारात मास्तर भेटले. मामांनी त्यांना गाठून पुन्हा सगळं सांगितलं. मास्तरांनी खांद्यावर हात ठेवला, प्रस्तावना केली, आणि शेवटी म्हणाले की टाकेमामा, तुम्ही चूक केली असं म्हणूच नका, ही नियतीची संपादकीय कात्री आहे. मामांना घरी पोचेपर्यंत या वाक्याचा अर्थ लागला नाही, आणि लागला तेव्हा इतका राग आला की पायऱ्या मोजायच्या राहिल्या.

रविवारी दुपारी वाचनाच्या दालनात बाकं सरकवून जागा केली होती. तीस-पस्तीस माणसं जमली. असे मेळावे आता दुर्मीळ झाले आहेत. एका पुस्तकासाठी गवंडी, कंपाउंडर आणि मास्तर एका बाकावर बसावेत हे बघायलाही भाग्य लागतं. मामा मागच्या बाकावर, मांडीवर पुठ्ठ्याच्या घडीत फर्मा. मास्तर पन्नास मिनिटं बोलले. शिंप्यानं दोनदा जांभई दिली आणि एकदा उघडपणे घड्याळाकडे बघितलं. शेवटी बाईंनी विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय का, आणि मामा उठले. सुई ओठात नव्हती तरी सवयीनं हात ओठांकडे गेला.

"तेरावी चौकी माझ्याकडे आहे," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांना वाटलं ऐकू आलं नसेल. त्यांनी खुलासा केला. दोरी, काप, खळ, लादी, सगळं एकामागोमाग एक सांगितलं. मास्तर उभे राहून म्हणाले की टाकेमामांनी फार मोठी कल्पना मांडली, शेवट लिहिणाऱ्याच्या नव्हे तर बांधणाऱ्याच्या हातात असतो. पुन्हा टाळ्या.

"कल्पना नाही हो, फर्मा आहे," मामा म्हणाले आणि त्यांनी तो वर धरला.

आता कुठे लोकांच्या ध्यानात आलं. दालनात कुजबुज झाली. शिंप्याला मात्र पंख फुटले. त्यानं खिशातून छोटी कात्री काढली आणि म्हणाला की इथेच कापा, आत्ता, दोन वर्षं लोक मला अडाणी म्हणताहेत. पोस्टमन म्हणाला की कापलंत तर मी उठून जाईन, माझा मारेकरी सुटलाय आणि मला तो सुटलेलाच पाहिजे. कंपाउंडर म्हणाला की नदी पोहणारा माणूस चौदा पानांत काहीही करू शकतो, त्यामुळे नको. बाईंनी हात वर करायला सांगितले. कापावं म्हणणारा शिंपी एकटा. मामांनी हात वर केला नाही, कारण त्यांना कापायचं नव्हतंच. त्यांना शिवायचं होतं. हा फरक त्या दालनात कुणालाही कळत नव्हता.

"आपलं म्हणणं एवढंच आहे की पुस्तक अर्धवट आहे," ते पुन्हा म्हणाले, आता आवाज चढवून. "तुम्ही दोन वर्षं माझी चूक वाचताय."

तेव्हा खिडकीपाशी बसलेली नर्स बोलली. तिचा अभिप्राय कुठल्याच कागदावर नव्हता. ती मामांकडे न बघता सांगत होती, जणू समोरच्या रुग्णाला औषधाच्या वेळा सांगाव्यात तशी.

"माझा भाऊ घरातून गेला त्याला एकोणीस वर्षं झाली. मला त्या पुस्तकातलं राजकारण कळत नाही, चौक्याही मी मोजल्या नाहीत. कडी निघते तिथपर्यंत मी वाचते आणि मिटते. चार वेळा नेलंय. तुम्ही पुढची पानं लावलीत, मामा, तर मला ती वाचावी लागतील. पान समोर उघडं असलं की माझ्यानं सोडवत नाही."

  मामा खाली बसले. फर्मा पुन्हा पुठ्ठ्यात घातला, आणि चहा यायच्या आत निघून आले.

घरी आल्यावर मात्र बांध फुटला. मामी कपाटातले जुने कपडे निवडत होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मामा येरझाऱ्या घालत होते. चाळीस वर्षं एक चूक केली नाही, तेव्हा कुणी विचारलं नाही. आता एक केली, ती कबूल करायला निघालो, तर तिला कुणी चूक म्हणेना. कुणी नियती म्हणतं, कुणी कल्पना म्हणतं, टाळ्या काय वाजवतात. आठवड्यानं मी खोली सोडणार, आणि या गावात माझ्या हातचं एक पुस्तक लंगडं राहणार, आणि लोक त्याच पुस्तकासाठी मला शाबासकी देणार.

मामींनी एक सदरा उजेडाकडे धरून बघितला, ठेवायच्या ढिगात टाकला.

"तुमचं काम काय, शिवायचं. वाचायचं कुणी, त्यांनी. मग त्यांचं काम तुम्ही कशाला अंगावर घेताय?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तुम्हाला कुणी शिवू नका म्हटलंय का? ते वाचणार नाही म्हणताहेत."

मामा त्या वेळी चिडून झोपायला गेले. पण सकाळी कारखान्यात गेल्यावर सतरावा फर्मा टेबलावर ठेवून ते त्याच्याकडे बघत राहिले. छापखान्यातून आला तसाच तो अजून मिटलेला होता. शिवणं वेगळं आणि कापणं वेगळं. चाळीस वर्षं ही दोन्ही कामं एकाच दुपारी, एकामागोमाग एक झाली होती, म्हणून त्यांना ती एकच वाटत आली होती.

त्यांनी 'तेरा चौक्या' उसवलं. पाठ खरवडली, जुना सरस काढला. सुईत दोरा ओवायला चौदा प्रयत्न लागले, मोजले. शेवटचा फर्मा सोळाव्याच्या पाठीला लावून, कापावरच्या पट्टीतून दाभण काढून, एकेक टाका ओढत शिवला. प्रत्येक टाक्याला हात थरथरला, पण टाका सरळ पडला. आणि मग कडा कापायची वेळ आली तेव्हा ते थांबले. सोळा फर्म्यांच्या कडा कापलेल्या, सतराव्याच्या नाहीत. तो तिन्ही बाजूंनी थोडा बाहेर डोकावत होता, एका रांगेत एकच उंच पोरगं उभं असावं तसा. अशा कडेचं पुस्तक मामांनी जन्मात कुणाला दिलं नव्हतं. दुसऱ्या कुणी दिलं असतं तर त्यांनी ते परत पाठवलं असतं. एक चूक काढायला स्वतःच्या हातानं दुसरी करावी लागत होती, तीही कारखान्याच्या शेवटच्या आठवड्यात, आणि कुणीही ती मागितलेली नव्हती. त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग ती कड झाकेल एवढा मोठा पुठ्ठा कापला, कापड चढवलं, आणि मागे चौथा, कोरा, रेघांचा कागद चिकटवला.

पुस्तक द्यायला ते स्वतः गेले. बाईंनी ते उघडलं. दोनशे छप्पन, कडी निघते. पान उलटलं, 'उपसंहार'. पुढे घडी, मिटलेली. बाईंनी अंगठा घडीवरून फिरवला, शेवटी गेल्या, 'समाप्त' बघितलं आणि पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या की नर्सबाई काल येऊन गेल्या, पुस्तक आलंय का विचारत होत्या. मामा म्हणाले, त्यांना सांगा, उघड्या पानांवर वाचायचं काही वाढलेलं नाही.

"आणि शिंप्यानं कात्री चालवली तर?"

मामांनी खांदे उडवले. ती काळजी आता त्यांच्या टेबलावरची नव्हती. तरी उठताना त्यांचा चेहरा उतरलेलाच होता. त्या बाहेर डोकावणाऱ्या कडेकडे त्यांची नजर परत परत जात होती. बाईंना ते दिसलं असावं. त्यांनी पेन उघडलं, कोरा कागद समोर ओढला आणि म्हणाल्या, मामा, चाळीस वर्षं तुम्ही हे कागद चिकटवलेत, स्वतः एकदाही लिहिलं नाही. आज पहिली ओळ तुमची. हात थरथरत असेल तर तुम्ही सांगा, मी लिहिते. खाली धंदा घालते, बांधणीवाला. कसं वाटलं पुस्तक?

मामा दारापर्यंत गेले होते. तिथेच उभे राहिले. सवयीनं हात ओठांकडे नेला, सुई नव्हती, खाली आणला.

"लिहा, पानं दोनशे बहात्तर. मी मोजली आहेत."